उरलेलं कापड

"टेप ठेव थंय पेटयेत," आबा म्हणाला. "ब्लाउजाची मापां घेऊक नाय इलंय मी."

मी टेप गळ्यातून काढला नाही. त्या साली मालवणच्या शिवणक्लासची परीक्षा मी पहिल्या नंबराने पास झाले होते आणि जगात जे जे आहे ते टेपने मोजता येतं, याबद्दल माझी पक्की खात्री होती. आबाचं मत वेगळं. टेप हा शिंप्यांनी काढलेला चाळा, खरं माप माणसाच्या अंगात असतं, असं तो म्हणायचा. आणि आबाचं म्हणणं खोडून काढायची आमच्या वाडीत कुणाची टाप नव्हती, कारण साऱ्या वाडीचं माप त्याच्याच अंगात होतं.

आमच्याकडे दोरी आणि जाळं मोजतात ते वावाने. दोन्ही हात आडवे पसरले, की या हाताच्या बोटांपासून त्या हाताच्या बोटांपर्यंत एक वाव. रापणीला सगळी वाडी मिळून एक लांबलचक जाळं ओढते आणि त्यात प्रत्येक घराचा आपापला तुकडा जोडलेला असतो. ज्याचा तुकडा लांब, त्याचा मासळीतला वाटा मोठा. त्यावरून डोकी फुटू नयेत म्हणून सगळ्यांचे तुकडे एकाच माणसाने आपल्या हातांनी मोजायचे, असा रिवाज. तो माणूस म्हणजे आबा, माझा बाप, साबाजी कुबल. त्याचा वाव म्हणजे बरोबर दोन गज. एकदा कुणा शहाण्याने बाजारातून लोखंडी गज आणून ताडून बघितला, तेव्हा सुतभर फरक निघाला. गज खोटा आहे, असं ठरलं.

तर टेप माझ्या गळ्यात राहिला, आणि माप आबानेच घेतलं. या गोष्टीला तीस-बत्तीस वर्षं झाली.

समोर वाळूवर 'सातेरी' बसली होती. आमची होडी. पावसाळ्यात होडी वर ओढून ठेवायची, तर तिच्यावर माडाच्या झावळ्यांचे झाप घालतात. पण सातेरी दिवाळीपासूनच वाळूवर होती आणि एवढं ऊन खाऊन तिच्या फळ्या उलायला लागल्या होत्या. झापांवर या वर्षी भरवसा ठेवायचा नाही, जाड कॅनव्हास आणायचा आणि घरीच शिवायचा, असं आबाने ठरवलं. होडीवर बांबू बांधून त्याने घरासारखा उतरता सांगाडाही उभा केला होता. त्यातले निम्मे बांबू लवूमामाने बांधले होते, पण ते बोलायचं नाही, असं आमचं सगळ्यांचं न बोलता ठरलेलं होतं.

दिवाळीच्या आधी भर दर्यात आबाच्या अंगावरून वारं गेलं होतं. डावी बाजू. लवूमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, आबाच्या होडीवर खलाशी होता. त्याने एकट्याने वल्हवत आबाला किनाऱ्याला आणलं. तोंड वाकडं झालं होतं, जीभ जड झाली होती. पण आबा हट्टाला पेटलेला माणूस. शिमग्यापर्यंत तो बोलायला लागला, चालायला लागला, आणि कुणी तब्येत विचारली की डाव्या हाताने भरलेली कळशी उचलून दाखवायचा. विचारणाऱ्याला पाणी हवं असो नसो.

आईला ही कळशीची सर्कस बघवत नव्हती. तिने लवूमामाला समोर बसवून आबाला सांगितलं होतं, "नारळी पुनवेक होडी पाण्यात घाला. एकटे वल्हवत खाडीच्या तोंडापर्यंत जावा नि परत येवा. इलात तर होडी तुमची. नायतर लवू घेता. माका विधवा होवची हौस नाय."

"मेलंय तर विधवा होशीत," आबा म्हणाला होता. "होडी विकलंय तर तू जित्या मड्याची बायल होशीत. बघ बापडे, काय बरा ता."

पण अट त्याने मान्य केली होती. आणि त्या दिवसापासून तो पुनवेची वाट अशी बघत होता, की आम्हाला त्याच्याकडे बघायची भीती वाटायची.

"धरलंस?" होडीच्या पलीकडून आबा ओरडला.

"धरलंय."

मी माडांच्या बाजूला होते, तो दर्याच्या बाजूला. मध्ये होडी आणि वर बांबूचा सांगाडा, त्यामुळे मला त्याचं डोकंसुद्धा दिसत नव्हतं. सांगाड्यावरून टाकलेल्या दोरीचं माझ्याकडचं टोक मी वाळूला टेकवून धरायचं, त्याने त्याच्या बाजूला दोरी वाळूला टेकते तिथे चिमटीत धरायची, मग मी दोरी सोडायची, आणि ती ओढून घेऊन तो छातीवर वाव मोजणार. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, एक माप, मध्यात एक, मागे एक. मला नुसता त्याचा आवाज ऐकू येत होता.

"एक... दोन... तीन. मदी तीन वाव. ध्यानात ठेव."

"जास्त नाय वाटत, आबा?"

"जास्त?" तो खूश होऊन हसला. "अगो, होडी बघ केवढी आसा ती! तुझ्या आजयेची पेटी न्हय ती झाकूची."

आवाजात असा जोर मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. मी दोरीचं टोक पुन्हा वाळूत दाबलं.

मग वाळूवर बसून आम्ही कापडाचा अंदाज काढला. हा माझा प्रांत. कॅनव्हासचा पन्हा गजभराचा. म्हणजे होडीवर आडवे पट्टे टाकायचे आणि एकाला एक जोडत जायचं. प्रत्येक जोडाला दोन बोटं कापड चपट्या शिवणीत जाणार. खालच्या कडेला दोरी ओवायला नेफा हवा. मी बोटाने वाळूत आकडे लिहीत होते आणि आबा उलटीकडून वाचत होता.

"आणि आटतला ता?" त्याने विचारलं.

"कायता?"

"कापड गो! पाण्यात घातल्यार कॅनव्हास आटता. वावामागे चार बोटां धर. कलासात ह्या शिकवूक नाय?"

नव्हतं शिकवलं. मी मुकाट्याने चार-चार बोटं वाढवली. आबाने माझ्या डोक्यावर उजव्या हाताने टप्पल मारली आणि म्हणाला, "पयलो नंबर!"

बाजारात आम्ही दोघंच गेलो. दुकानदाराने आबाला बघून गादीवर जागा करून दिली आणि वाव ऐकल्यावर पुढचं काही विचारलंच नाही. वावाचे दोन गज धरून त्याने गडी कामाला लावला. "साबाजीचो वाव," तो बाकीच्या गिऱ्हाइकांना म्हणाला, "थंय आमचो गज कित्याक?" आबा बाहेर बघत राहिला, पण त्याचे कान लाल झाले होते. परत येताना कापडाचं ठाण त्याने माझ्याकडे दिलं नाही. उजव्या खांद्यावर घेऊन तो एसटीत चढला आणि वाडीपर्यंत चालत आला.

कापड खाडीच्या पाण्यात भिजवलं, दोन दिवस वाळूवर पसरून वाळवलं. ते आटलं, अगदी आबा म्हणाला होता तेवढंच. दुपारी जेवून आबा झोपला, तेव्हा आईने आणि मी पट्टे कापले. शिवायच्या आधी एकदा अंगावर घालून बघावं, म्हणून मधला पट्टा आम्ही दोघींनी सांगाड्यावर टाकला. आई दर्याच्या बाजूला, मी माडांकडे.

"पोचला?" आईने विचारलं.

पोचला कसला! तिच्या बाजूला कड वाळूला टेकवून धरल्यावर माझ्या बाजूला दीड-दोन हात कापड वाळूवर लोळत होतं.

"आये, उरला गो!" मी आनंदाने ओरडले. "केवढा उरला! दोन पिशवे होतीत. तुझ्या मशीनीक पण झाकण होतला."

आई वळसा घालून माझ्या बाजूला आली. तिने लोळणारं कापड बघितलं, पायाने जरा सरळ केलं. "दुसरो टाक," ती म्हणाली.

मागचा पट्टा टाकला. तोही तसाच. नाळेकडचा टाकला. तिथे कमी, पण उरलंच.

"पट्टे चुकीचे कापलंस?"

"नाय." मी टेपने पट्टा मोजून दाखवला. ठरल्याप्रमाणे होता.

"मगे होडी माप. तुझ्या टेपान."

मी मापली. मध्यात तीन वाव नव्हते. अडीच वाव होते आणि वर काही बोटं. आईने मला पुन्हा मापायला लावलं आणि स्वतः टेपाचं दुसरं टोक धरलं. तिसऱ्यांदा मापल्यावर ती वाळूवर बसली.

"वय झाला तेचा," मी म्हटलं. "मोजताना विसारलो आसतलो."

"तो मोजूक विसारणा नाय." आई होडीकडे बघत होती. "लग्नाआदी आमच्या बावडेची दोरी मापूक इल्लो. आमच्या बापाशीन सांगितल्यान, हातभर जास्त आणूया, उरली तर उरली. तर हो म्हणता, उरली तर माका बोलवा, मी तेचो फास करून घेतंय." ती हसायला गेली, पण हसू आलं नाही. "मापताना दोरी कशी धरल्यान?"

"माका दिसूक नाय. मदी होडी होती."

आईने बसल्या बसल्या आपले दोन्ही हात आडवे पसरले. मग डावा हात कोपरात थोडासा वाकवला. बाहेरून कुणाला सहज कळणार नाही, एवढाच. बोटांची टोकं वीतभर आत आली.

"असो," ती म्हणाली.

मला कळलं. हात आखडला, की प्रत्येक वाव आखूड. वाव आखूड, की होडी जास्त वावांची भरणार. आबा म्हणाला तीन, दुकानदाराने धरले त्याच्या जुन्या हाताचे तीन. ते सगळं कापड आता माझ्या पायाशी पडलं होतं, आणि मी त्याच्या पिशव्या शिवायला निघाले होते.

"पण तेका कळूक नाय?" मी विचारलं. "स्वताचो हात वाकलेलो कळणा नाय?"

"नाय कळणा. डॉक्टर माका बोललेले. हाताक जोर येतलो, पण हात खंय आसा, कसो आसा, ता तेका उमगूचा नाय. सकाळी सदरो घालताना डावी बाही मी ओढून देतंय. तेका वाटता, हात आपणच गेलो." तिने नाक पुसलं. "कळशी उचलता तेव्हा सगळी लोकां कळशीकडे बघतत. मी कोपराकडे बघतंय."

"मगे झाला तर! तुका होडी विकूचीच होती. दाखव तेका ह्या कापड."

आईने माझ्याकडे असं बघितलं, की मी टेप गुंडाळायला लागले.

"होडी जाव दे गो," ती म्हणाली. "होडी मीच घालवतंय. पुनवेक तेका जमूचा नाय, लवू पाण्यात उभो आसतलो, चार लोकां आसतली, सगळे म्हणतले वारो होतो, भरती होती. तो आपणाक तसा सांगात नि जगात. पण ह्या... ह्या तेका कळला तर तेच्याकडे काय रवला? साऱ्या वाडयेची जाळां तेच्या हातान मोजली. तेका ह्या कळूचा नाय. आयकलंस?"

मी मान डोलावली. पण एवढं कापड लपवायचं कुठे? कापून टाकलं, तर तुकडे दिसणार. पुरलं, तर वाडीतली पोरं उकरून काढणार. जाळलं, तर सगळा गाव विचारत येणार. शेवटी आई म्हणाली, "आत घाल." मग तीन दुपारी आबा झोपला, की आम्ही मशीन ओटीवर ओढायचो आणि जास्तीचं कापड आतल्या आत मुरवायचो. नेफ्याला चार पदर घेतले. कण्यावर, जिथे बांबू घासतो, तिथे दुसरा थर दिला. कोपरे दुमडून पुन्हा दुमडले. चार पदरांतून सुई जाईना. दोन सुया मोडल्या, तिसरी आईच्या बोटात गेली, तेव्हाही ती ओरडली नाही, कारण आत आबा झोपला होता. मी शिवत होते आणि रडत होते, आणि आई सांगत होती, टीप वाकडी जाता, डोळे पूस.

कापड घालायच्या दिवशी लवूमामा आला. तो, मी आणि आबा अशा तिघांनी ते सांगाड्यावर चढवलं. जड झालं होतं, पण अंगाला अंग लागून बसलं. कुठे ओढ नाही, कुठे झोळ नाही. चारी बाजूंनी कड वाळूला नुसती टेकत होती. मामा एक फेरी मारून आला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला, "भावजी, ह्या तुमी हातान मापलास?"

"मग काय पायान?"

"बोटभर जास्त नाय, बोटभर कमी नाय! आवो, तुमच्या अंगावरसून वारा गेला का वाऱ्यावरसून तुमी गेलास?" मामा माझ्याकडे वळला. "हेमा, गेली गो माझी होडी. सगळा सपान पाण्यात. आता मी म्हातारो होयसर दुसऱ्यांच्या होडयेर भाकऱ्या बडवतलंय."

त्याला खरंच वाईट वाटलं होतं आणि खरंच आनंदही झाला होता. मामा तसा साधा माणूस. आबाने त्याच्या पाठीत एक गुद्दा मारला, उजव्या हाताने. दोघंही हसले. मी दोरीची गाठ मारण्याचं निमित्त करून होडीमागे गेले.

त्या दिवशी आबा दोन माणसांचं जेवला. बांगड्याचं तिखलं झालं होतं. आईने विचारलं नाही तरी तो सांगत होता, पुनवेला कुठल्या बाजूने होडी लोटायची, वल्हं कुठलं घ्यायचं, खाडीच्या तोंडाला भोवरा असतो तो कसा चुकवायचा. मधेच थांबून तो आईला म्हणाला, "बघलंस मां कापड?"

"बघलंय," आई म्हणाली आणि त्याला आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन किनाऱ्यावर गेले. आबा होडीच्या सावलीत, दर्याच्या बाजूला वाळूवर बसला होता. कॅनव्हासची कड त्याने वर उचलली होती, आणि नेफा उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत धरून तो एकसारखा चोळत होता. मी चहा पुढे केला. त्याने घेतला नाही.

"हेमा, ह्यो नेफो किती पदरी?"

"दोन," मी म्हटलं.

"मोज."

मी मोजायचं नाटक केलं. "चार."

"तुझी आवस," आबा म्हणाला, "फाटक्या लुगड्याचो चौकोन करून हातपुसणा करता. चिंधी टाकणा नाय. ती कॅनव्हास चौपदरी घालता?"

"वाऱ्यान फाटूक नको म्हणान."

"आणि वर कण्यार दुसरो थर?"

"बांबू घासता म्हणान."

"बरा." त्याने कड सोडली. "तुझा गणित चुकला काय गो?"

तो माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे अजून माझ्यासमोर आहेत. त्याला 'होय' हवं होतं. साऱ्या जगात त्या घडीला त्याला तेवढंच एक हवं होतं, आणि ते देणं माझ्या हातात होतं.

"होय," मी म्हटलं. "माझाच चुकला."

"खंय?"

"आं?"

"खंय चुकला? मी उलटीकडसून वाचलेलंय सगळा. माका दिसूक नाय चुकलेला. तू सांग, खंय चुकला."

हातातला चहा मी वाळूवर ठेवला. माझं गणित आयुष्यात पहिल्यांदा बिनचूक होतं, आणि चुकीची जागा शोधून सापडत नव्हती.

आबा उठला. उठताना त्याने होडीचा आधार घेतला, मग तो सोडला. चार पावलं मोकळ्या वाळूवर गेला आणि माझ्याकडे तोंड करून उभा राहिला.

"हंय ये. फुडे उभी रव."

मी उभी राहिले. त्याने दोन्ही हात आडवे पसरले. लहानपणापासून शेकडो वेळा मी त्याला असं उभं राहिलेलं बघितलं होतं. वाडीतले लोक भोवती, छातीवरून जाळं सरकतंय, आणि आबा मोठ्याने मोजतोय. पण तेव्हा सगळे जाळ्याकडे बघायचे. मीसुद्धा.

"सरळ आसत मां?" त्याने विचारलं.

उजवा हात काठीसारखा सरळ होता. डावा कोपरात वाकला होता.

मी आईला शब्द दिला होता. पण माझ्या डोळ्यांसमोर खाडीचं तोंड आलं. दोन वल्ही, त्यातलं एक दर वेळी थोडं कमी पडतंय, होडी भोवऱ्याकडे वळतेय, आणि आबाला वाटतंय आपण नाकासमोर चाललोय. लवूमामा काठावर कितीही पाण्यात उभा असला, तरी तिथे कसा पोचणार?

"नाय, आबा," मी म्हटलं.

"डावो?"

"होय."

त्याने जोर केला. मानेची शीर फुगली. "आता?"

"नाय."

"आता?"

"वाईच. नाय, परत वाकलो."

"आता, हेमा?"

"नाय, आबा."

"आता?"

मला रडू आवरेना. मी पुढे झाले आणि त्याचा डावा हात दोन्ही हातांनी धरला, एक हात मनगटाला, एक कोपराखाली, आणि हळूच ओढून सरळ केला. आबाने मान वळवली आणि तो आपल्या हाताकडे बघायला लागला. बराच वेळ बघत राहिला. एखाद्याच्या घरी पाहुणा म्हणून गेल्यावर माणूस तिथल्या वस्तूंकडे बघतो, तसा.

"सरळ म्हणजे असो?"

"असो."

"आणि पयलो होतो तो?"

मी थोडा वाकवून दाखवला. त्याने वाकलेला बघितला. मग मी पुन्हा सरळ केला, तोही बघितला.

"माका दोनय सारकेच लागतत," आबा म्हणाला.

लाटेचं पाणी आमच्या पायांशी येऊन मागे गेलं. मी हात धरून उभी होते. त्याने डोळे पुसले नाहीत, पुसायला उजवा हात मोकळा होता तरी. तोही त्याने तसाच पसरून धरला होता.

"तुझ्या आवशीक ठावक आसा?"

"होय."

"लवूक?"

"नाय."

"तेका सांगू नको. तेका बोल, आबाचो जीव नाय लागणा आता दर्यात. पुनवेची वाट कित्याक बघूची? उद्याच येवन बोलणी कर म्हणान सांग. सातेरी तेची. कापडासकट. आणि रापणीवाल्यांका सांगूक व्हया, मापाक दुसरो कोण तरी बघा म्हणान. ता मीच सांगतंय. ता तू सांगू नको."

"बरा."

"चल. सोड आता. आपणच रवतलो."

मी आधी कोपराखालचा हात काढला, मग मनगटाचा. आबा दर्याकडे तोंड करून उभा राहिला, दोन्ही हात पसरून. डावा हात हळूहळू आत आला आणि होता तिथेच जाऊन थांबला.

"सोडलंस?" त्याने समोरच बघत विचारलं.

"सोडलंय."

"रवलो मां सरळ?"

"रवलो, आबा," मी म्हटलं.